बाविसावा पराभव

खराडीच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत टीममधल्या नव्या मुलीने मोबाइल माझ्यापुढे धरला. "मॅम, हे तुम्हीच ना? नऊ विन्स, बावीस लॉसेस?" टेबलावर हशा पिकला. मीही हसले; मॅनेजरबाईंना हसावंच लागतं. पण डबा तसाच बंद केला. एकवीस पराभव माझे, कबूल. तो बाविसावा दिसला की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

व्यावसायिक टेनिसमधला माझा तो शेवटचा सामना, इथेच पुण्यात झालेला. समोर मानांकित मुलगी. पहिला सेट मी सहा-तीन घेतला होता, दुसऱ्यात चार-एक पुढे होते. बाजू बदलताना खुर्चीवर बसले, तर कुंपणाच्या जाळीपाशी बाबा. हातात माझ्या सर्टिफिकेटांची फाइल.

"चल. एक वाजता खराडीला इंटरव्ह्यू आहे. ओळखीने मिळालाय, पुन्हा बोलावणार नाहीत."

"वीस मिनिटं द्या," मी म्हटलं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं.

तेवीस वर्षांची घोडी मी, तरी मुकाट्याने उठले. पंचांना पाय मुरगळल्याचं सांगितलं. टेनिसमध्ये सामन्याआधीच माघार घेतली तर तो सामना कुठेच धरत नाहीत. एकदा सुरू करून सोडला की मात्र सरळ हार.

इंटरव्ह्यूत विचारलं, "हाती घेतलेलं काम कधी अर्धवट सोडलंय?" मी म्हणाले, "कधीच नाही." नोकरी लागली. तिच्यावर घर चाललं, भावाचं शिक्षण झालं, सगळं मान्य. म्हणून काय राग गिळायचा? वीस वर्षं तेच करत आले होते.

नव्या मुलीने तो आकडा दाखवला, त्या संध्याकाळी ऑफिसातून तडक धायरीला बाबांकडे गेले. ते मटार सोलत बसले होते. मीही समोर बसले, चार शेंगा सोलल्या आणि विचारलं, "इंटरव्ह्यूचं तुम्हाला आदल्या दिवशीच कळलं होतं. मग सकाळी मला खेळायला जाऊच का दिलंत?"

त्यांचे हात थांबले नाहीत. "अगं, समोरची मानांकित होती ना. मला वाटलं, अकरापर्यंत हरून मोकळी होशील."

मी उठून चपला घातल्या. त्या दिवशी त्या मैदानावर माझ्या बाजूचं म्हणून ते एकटेच आले होते.