बूट घालून चालू करा

मंगळवार पेठेत दस्तगीर मिस्त्रीचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि मिस्त्रीचा स्वभाव असा की 'मला माहीत नाही' हे शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. गिऱ्हाईक रेडिओ घेऊन आलं की तो आधी कान लावायचा, मग वास घ्यायचा आणि 'कंडेन्सर गेलाय' म्हणून मोकळा व्हायचा. बहुतेक वेळा खरंच कंडेन्सर गेलेला असायचा. त्यामुळं त्याचा स्वतःवरचा विश्वास भलताच वाढला होता.

पण अठ्ठ्याऐंशी साल उजाडेपर्यंत घरोघरी टीव्ही आले, रेडिओ माळ्यावर गेले, आणि मिस्त्रीच्या दुकानात माशाच तेवढ्या नेमानं येऊ लागल्या. त्याची बायको ताजबी, तिचा धाकटा भाऊ ख्वाजा आजऱ्याला काजूच्या कारखान्यात मुकादम होता. त्यानं निरोप धाडला, "दाजी, दुकानाला कुलूप लावा आन् हिकडं या. पोत्यांची राखण करायला घरचा माणूस पायजे."

पोत्यांची राखण म्हणजे दिवसभर कशाचाच स्क्रू काढायचा नाही. मिस्त्री त्यापेक्षा उपाशी बसला असता. त्यानं उलट कळवलं, "मी घरात कॉम्प्युटर बांधतोय. शुक्रवारी येऊन बघ. चालू झाला न्हाय तर तुझ्यासंगं येतो."

ही थाप नव्हती. मुंबईच्या एका दुकानदाराकडून त्यानं सुटे भाग मागवले होते. मोठे भाग गोणपाटात शिवून आले आणि बारीकसारीक वस्तू एका बुटाच्या खोक्यात. ताजबी ज्या टेबलावर कापड बेतायची तेच टेबल अडवून मिस्त्रीनं पत्र्याची पेटी मांडली, तिच्यात सगळं जोडलं आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. आतून एकदा 'टुक' झालं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली आणि गाडी तिथंच अडली. मिस्त्रीनं अक्षरं लावली. पहिला शब्द 'नॉन'. नॉन म्हणजे नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. म्हणजे आत काहीतरी नाही. काय नाही ते बघायला त्यानं जोडलेलं सगळं पुन्हा उपसलं. कार्डांच्या पिवळ्या दातांवर खोडरबर घासला, चिपा अंगठ्यानं दाबल्या, मीटर लावला. व्होल्ट बरोबर. वास घेतला, जळका वास नाही. शेवटी पेटीला एक सणसणीत चापट मारली, कारण रेडिओला हे औषध लागू पडायचं. पुन्हा बटण, पुन्हा टुक, पुन्हा तीच ओळ. एखाद्या धडधाकट माणसाला खाटेवर झोपवून रोज त्याचं पोट फाडावं, असा तो सगळा प्रकार होता. पण मिस्त्रीला हे सांगणार कोण?

गुरुवारी मात्र त्याचा धीर सुटला. त्यानं चौकातल्या बूथवरून मुंबईला फोन लावला. लायनीवर भजी तळल्यासारखा आवाज येत होता आणि पलीकडून दुकानदार ओरडत होता, "अरे मिस्त्री, बूट घाला, बूट. बूट घातल्याशिवाय चालू होणार नाय." एवढं बोलून लाइन तुटली.

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. एवढी साधी गोष्ट. आपण अनवाणी फरशीवर उभे, सगळा करंट आपल्या पायातून जमिनीत निघालाय, मशिनीनं चालायचं कशावर? पण आता बूट आणायचा कुठून? चपला म्हणाल तेवढ्या मिळतील, आख्खं कोल्हापूर चपलेवर चालतं. शेवटी शेजारचा कृष्णात आठवला. तो कळंब्याच्या जेलमध्ये शिपाई होता.

"बूट सरकारी हाय," कृष्णात म्हणाला. "त्याला येकट्याला सोडत न्हाय. मी बी येतो."

शुक्रवारी नमाज उरकून मिस्त्री घरी आला तेव्हा ख्वाजा दोरी आणि रिकामी पोती घेऊन दारात हजर होता. दुकानातलं सामान बांधून न्यायच्या तयारीनंच तो आला होता. मिस्त्रीनं लुंगी खोचली, पायात कृष्णातनं आणलेले ढगळ बूट चढवले आणि खाडखाड करत टेबलाशी गेला.

"दाजी, जेलात भरती झालासा व्हय?"

"गप ऱ्हा. ह्यात तुला कळायचं न्हाय."

त्यानं बटण दाबलं. टुक. तीच ओळ.

ख्वाजा दोरी सोडायला लागला. मिस्त्रीला त्या क्षणी खरोखर रडू येत होतं. काजूच्या पोत्यांपुढं स्टुलावर बसून म्हातारा झालेला मिस्त्री त्याला स्पष्ट दिसला.

"फोनवर नेमकं काय म्हणला त्यो?" कृष्णातनं विचारलं.

"बूट घाला म्हणला."

"पायात?"

मिस्त्री विचारात पडला. "पायात असं न्हाय म्हणला."

"मग मशिनीत घाला म्हणला आसंल."

मिस्त्रीनं उजवा बूट काढला आणि पेटीचं झाकण उचकटून तो आत कोंबू लागला. "सरकारी हाय, चेपू नगा," म्हणत कृष्णातनं टाचेकडनं तो धरून ठेवला. या ओढाओढीत टेबल हललं आणि ताजबीच्या कात्र्या खाली पडल्या.

"अवो," ती म्हणाली, "पेटीला म्होरं फट हाय, तिच्यातनं काय आत जातंय?"

"हवा," मिस्त्री म्हणाला.

"मग ह्ये जातंय का बघा."

बुटाच्या खोक्यात ती आता बटणं ठेवायची. त्याच खोक्याच्या तळातून तिनं पुठ्ठ्यासारखी एक काळी चौकोनी चीज काढली. तिच्यावर पेनानं इंग्रजीत 'बूट' लिहिलं होतं. मिस्त्रीनं ती पहिल्याच दिवशी पाहिली होती. बुटाच्या खोक्यात बूट लिहिलेलं निघालं, यात काय विशेष, म्हणून त्यानं ती तशीच ठेवली होती.

काळी चीज, म्हणजे मशीन चालू करायची फ्लॉपी, फटीत गेली. पेटी खरखरली, घुरघुरली, आणि पडद्यावर इंग्रजी 'ए' उमटून त्याच्याशेजारी एक रेघ उघडझाप करू लागली.

"आता ह्ये काय करतंय?" ख्वाजानं विचारलं.

"हुकमाची वाट बघतंय."

"मग द्या की हुकूम."

मिस्त्रीला एकही हुकूम येत नव्हता. एका पायात बूट, एक पाय उघडा, अशा अवस्थेत त्यानं कीबोर्डवर एका बोटानं स्वतःचं नाव टाइप केलं आणि मोठं बटण दाबलं. लगेच खाली इंग्रजीत उत्तर आलं. कृष्णातचा जन्म कमांड ऐकण्यात गेलेला, त्यानं ते वाचलं.

"दस्तगीर ही चुकीची कमांड हाय, म्हणतंय."

मिस्त्रीचं तोंड उतरलं. ख्वाजानं पोतं उघडून धरलं. ताजबी मात्र तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

"ख्वाजा, ती पोती घे आन् जा माघारी," ती म्हणाली. "इतकी वर्सं मी येकटीच ह्यास्नी चुकलासा म्हणून सांगतीया. आता कुठं घरात जोडीदार आलाय. ह्याला सोडून मी आजऱ्याला यायची न्हाय."