दाराबाहेरचे बूट

माझ्या कादंबरीची नवी आवृत्ती निघतेय, म्हणून काल सकाळी प्रुफं वाचत होते. मायाळू वस्ती उभारणाऱ्यांची गोष्ट. पानोपानी सभा आणि ठराव. तेवढ्यात मुलगा चाकणहून नाइट शिफ्ट करून आला. त्याच्या बुटांना मशीनच्या कूलंटचा वास होता, माझ्या वडिलांच्या बुटांना यायचा तोच.

लहानपणी दिघीच्या चाळीत वडील रात्रपाळीनंतर दिवसा झोपले की आई त्यांचे बूट दाराबाहेर ठेवायची. ते दिसले की सगळी चाळ हळू बोलायची. समोरच्या काकू कुकर उचलून टोकाच्या खोलीत न्यायच्या. "शिट्टी तिकडं होऊ दे. दादा झोपल्यात," म्हणायच्या. तसा ठराव कुणी केला नव्हता.

मुलगा झोपल्यावर मी त्याचे बूट फ्लॅटबाहेर ठेवले. थोड्या वेळानं बेल वाजली, दोनदा. शेजारीण होती.

"ताई, बूट बाहेर राहिलेत हो!"