नन्नाचा पाढा

शाळेत तिला सगळे 'बोलक्या बाई' म्हणत. नाव शिपायानं ठेवलं आणि ते चिकटलं. खरं तर स्टाफरूममध्ये तिच्याइतकं कमी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. पण पोरांना बोलतं करणं हीच जिची नोकरी, तिला आणखी काय म्हणणार? 'स्पीच थेरपिस्ट' हा शब्द शिपायाच्या जिभेवर बसेना, आणि तिनंही तो बसवायचा प्रयत्न केला नाही. मधल्या सुट्टीत फुकट काम कोण करतं!

घरीही तिच्या नोकरीचा कुणाला नीट उलगडा झाला नव्हता. आई म्हणे, "एवढं शिकलीस ते पोरांना बोलायला शिकवायला? तुला कुणी शिकवलं होतं? एकदा तोंड उघडलंस ते अजून मिटलं नाहीस." वडिलांनी जन्मभर बस चालवली होती. बस सुटली की पोचलीच पाहिजे, एवढं त्यांचं कामाचं शास्त्र. संध्याकाळी तिनं चपला काढल्या की पेपरामागून प्रश्न यायचा, "काय, आज कुणी बोललं का?"

बहुतेक दिवशी उत्तर 'नाही' असंच असे.

तिला मिळालेली खोली जिन्याखाली होती. अर्ध्या खोलीत खेळाच्या गाद्या रचलेल्या, उरलेल्या अर्ध्यात एक टेबल, दोन बुटक्या खुर्च्या आणि मुलांच्या उंचीला लावलेला आरसा. भिंतीपलीकडे संगीताचा वर्ग. कॉलेजात ती ज्या खोलीत शिकली तिथल्या भिंती आवाज गिळायच्या. इथल्या भिंती आवाज दुप्पट करून परत द्यायच्या. सकाळी 'स' चा 'थ' करणारी दोन पोरं आरशासमोर जीभ दातांमागे ठेवायची कसरत करत. त्यानंतर एक अडखळणारा मोठा मुलगा येई. त्याला फक्त फोनवर स्वतःचं नाव न अडता सांगता यायला हवं होतं. जिभेची, ओठांची, श्वासाची सगळी यंत्रणा तिला पाठ होती. पण निम्मा दिवस मुलं वर्गातून मागून आणण्यात जातो, हे कुणी शिकवलं नव्हतं.

"कुठल्या तासाला नेऊ?" ती दारात उभी राहून विचारी.

"कुठल्याच नको," असं उत्तर येई, आणि मग मूल मिळे.

याच खोलीत खारूताई यायची. हे तिचं शाळेतलं लाडाचं नाव. पेन्सिलींचे तुकडे, बाटल्यांची झाकणं, काहीही दिसलं की ती गोळा करून फ्रॉकच्या खिशात साठवून ठेवी. पहिलीतून वर गेलेली, पाठीवर घट्ट विणलेल्या दोन वेण्या, आणि तोंडातून एकही शब्द नाही. तिला ऐकू येत होतं, कळत होतं. बोलणं तेवढं येत नव्हतं, आणि कधी येईल हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं.

अशा मुलांना चित्रांच्या कार्डांनी बोलायला शिकवतात. पहिलं कार्ड बहुधा 'हवं' चं असतं: मुलानं कार्ड हातात द्यायचं, आपण बिस्किट द्यायचं. बोलक्या बाईंच्या आधी इथं असलेल्या बाईंनी तसं करून पाहिलं होतं. त्याचा पुरावा म्हणून कपाटात बिस्किटांचा रिकामा डबा उरला होता. खारूताईला बिस्किट हवं असलं की ती सरळ कपाट उघडून घेई. त्यासाठी मधे माणूस कशाला?

बोलक्या बाईंनी तिला काही दिवस नुसतं पाहिलं. या मुलीला लोकांकडून जवळजवळ काहीच नको होतं. नको मात्र पुष्कळ काही होतं: अंगाला हात, पंख्याचा आवाज, रांगेत मागून लागणारा धक्का. आणि ते सांगायला तिच्याजवळ दात सोडून दुसरं काही नव्हतं. म्हणून पहिलं कार्ड त्यांनी 'नको' चं केलं. लाल किनारीचा जाड पुठ्ठा, त्यावर उभा पंजा, वर प्लास्टिक. कार्ड रबरी दोरीनं तिच्या कमरेला बांधलं.

या कार्डाचा एक नियम असतो, आणि तो सगळ्या मोठ्यांना जाचतो. सुरुवातीचे काही आठवडे कार्ड दाखवलं की शक्य असेल तिथं ऐकायचं, तिथल्या तिथं. पहिलाच शब्द वापरला आणि त्यानं काहीच झालं नाही, तर तो शब्द पुन्हा कोण वापरेल?

खारूताई कार्ड आठवड्याच्या आतच शिकली. मग तिनं नन्नाचा पाढा सुरू केला. चित्रकला नको. बेरीज नको. रांग नको. शेजारी बसणारा मुलगा नको. बोलक्या बाईंच्या खोलीत तर तिनं मणी नको, चेंडू नको, आरसा नको असं करत टेबल मोकळं केलं आणि ती टेबलाखाली जाऊन बसली. त्या दिवशी उरलेला सगळा वेळ बोलक्या बाई जमिनीवर बसून होत्या.

"आज कुणी बोललं का?" संध्याकाळी वडिलांनी विचारलं.

"हो. एक मुलगी 'नको' म्हणाली."

"कुणाला?"

"मला."

वडिलांनी पेपर खाली घेतला, तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा वर घेतला.

खारूताईच्या वर्गाच्या बाई जुन्या, कसलेल्या, आणि तोंडानं फटकळ. त्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत विषय काढला. "अगं बोलक्या बाई, तुला पोरीला बोलतं करायला नेमलंय की आम्हाला गप्प करायला? वर्गात आता तिचंच राज्य. मी 'उभी राहा' म्हटलं की पंजा. काल मला पंजा दाखवून स्वतःच डबा खायला बसली!"

"चावली का?" बोलक्या बाईंनी विचारलं.

"कोण?"

"ती. या आठवड्यात कुणाला चावली का?"

"चावली नाही. पण म्हणून काय आरती ओवाळू?"

प्रकरण मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे गेलं. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि चेंडू तिसरीकडे टोलवला. "मुलगी शेवटी आईची. शुक्रवारी आईला बोलावते. आईनं 'राहू दे' म्हटलं तर कार्ड राहील. 'काढा' म्हटलं तर त्याच दिवशी काढायचं. मग माझ्याकडे यायचं नाही."

आई काय म्हणणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं फोनवर आधीच ऐकवलं होतं: "पोरीला 'आई' म्हणायला शिकवा म्हणून पाठवलं, बाई. तुम्ही 'नको' शिकवलंत!"

आईचं ब्यूटी पार्लर होतं. वस्तीतल्या निम्म्या बायकांची डोकी तिच्या हाताखालून जात. पण लेकीच्या डोक्याला कंगवा लावायचा म्हणजे रोज सकाळी लढाई. दिव्याखाली अंधार, असं ती स्वतःच हसून सांगे. तिच्या मनगटावर दातांच्या खुणा होत्या, नव्या-जुन्या. गिऱ्हाइकांनी विचारलं तर ती 'मांजर' म्हणे.

शुक्रवारी मोठ्या बाईंना यायला उशीर झाला. आई जिन्याखालच्या खोलीत त्या बुटक्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसली. खारूताईला वर्गातून आणलं, तेव्हा तिच्या दोन्ही वेण्या सुटलेल्या होत्या. रिबिनी खिशात, झाकणांबरोबर.

"अगं बाई, हा काय अवतार!" आईनं पर्समधून कंगवा काढला आणि बोलता बोलताच लेकीला जवळ ओढलं. ती सवय होती, विचार नव्हता. "लोक म्हणतील, पार्लरवालीची पोर—"

खारूताईनं कार्ड वर केलं.

कंगवा हवेत राहिला. "हे बघा! बघितलंत? आता केसही विंचरायचे नाहीत का?"

बोलक्या बाईंना खूप काही म्हणता आलं असतं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्यांच्या तोंडात तयार होता. त्या म्हणाल्या, "थांबा जरा."

"किती?"

"ते मला माहीत नाही."

आईनं कंगवा टेबलावर आपटला. खारूताई टेबलाखाली गेली. पलीकडे संगीताचा वर्ग सुरू झाला आणि सगळी पोरं एकाच सुरावर घसरली.

"औषधाला नको म्हणाली तर?" आईनं विचारलं. "भर रस्त्यात हात नको म्हणाली तर? तेव्हाही मी थांबू?"

"नाही. तेव्हा सांगायचं, 'कळलं, तुला नको आहे, पण द्यावं लागेल.' आणि द्यायचं. कळलं हे मात्र आधी सांगायचं."

"आणि केसांना?"

"केस थांबू शकतात."

"तुमचे थांबत असतील," आई म्हणाली. बोलक्या बाईंच्या केसांकडे तिची धंद्याची नजर एकदा फिरून आली. बोलक्या बाईंना हसू आलं. त्यांनी ते दाबलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "कार्ड नव्हतं तेव्हा ती 'नको' कसं म्हणायची?"

आईनं बांगड्या खाली सरकवून मनगट झाकलं.

"कार्ड काढलं तरी तिचं 'नको' काही जाणार नाही," बोलक्या बाई म्हणाल्या. "ते परत तिथंच येईल."

बोलक्या बाईंना आतून धाकधूक होती. आता मोठ्या बाई दारात येतील, पोर टेबलाखाली, आई रागात, आणि कार्डाचा निकाल लागेल. पोरगी बाहेर येईलच असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. बोलक्या बाईंना उठून काहीतरी करावंसं वाटत होतं, मणी दाखवावे, नावानं हाक मारावी. त्या बसून राहिल्या.

टेबलाच्या कडेवरून एक हात वर आला आणि कंगवा घेऊन खाली गेला. टेबलाखालून कर्रर्र असा आवाज आला. ती कंगव्याच्या दातांवरून नख फिरवत होती. मग तो आवाज थांबला. खारूताई बाहेर आली, कंगवा आईच्या मांडीवर ठेवला आणि आईकडे पाठ करून जमिनीवर बसली.

आईनं बोलक्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले, खरोखरच माहीत नसल्यासारखे.

आईनं विंचरायला घेतलं. गिऱ्हाइकाला करतात तसं, खालून वर, गुंता हातात धरून. घरी सकाळच्या घाईत ते बहुधा तसं होत नसावं. डावी वेणी झाली, रिबीन लागली. आई उजवीकडे वळली, केसांचे तीन पेड तिच्या बोटांत आले, आणि कार्ड वर आलं.

आईचे हात थांबले. तिच्या ओठांवर काहीतरी आलं आणि परत गेलं. तिनं पेड सोडून दिले.

"कळलं," ती लेकीच्या पाठीला म्हणाली. "नको."

मोठ्या बाई आल्या तेव्हा खारूताई उजव्या बाजूचे मोकळे केस तोंडात धरून झाकणं मोजत होती. "मग काय ठरलं?" त्यांनी विचारलं.

"राहू दे कार्ड," आई म्हणाली. ती उठली, गुडघे चोळले. "आणि जमलं तर मलाही एक करून द्या. काही गिऱ्हाइकांना दाखवायचं आहे."

दारातून बाहेर पडताना मायलेकींना वर्गाच्या बाई भेटल्या. त्यांनी मुलीला वरपासून खालपर्यंत पाहिलं: एका बाजूला घट्ट, तुळतुळीत वेणी, दुसऱ्या बाजूला झिंज्या.

"हे काय हो? पार्लरवाल्या तुम्ही, आणि एकच वेणी?"

"दुसरी तिला नको होती," आई म्हणाली आणि लेकीच्या मागून फाटकाकडे चालू लागली.

आत बोलक्या बाई खुर्च्या सरळ करत होत्या. आईच्या खुर्चीखाली कंगवा पडून राहिला होता. त्यांनी तो उचलून कार्डांच्या खणात ठेवला, सोमवारी आई विचारेल म्हणून.