पंपघराची पायरी

आमचे मामा जमीन मोजतात. घरात खाट सरकवायची म्हटली तरी टेप शोधत उठतात. ‘चुकलं’ हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकलेला माणूस अजून जन्माला यायचाय. मामींनीही ऐकला नव्हता, आणि मामी स्वतः बरंच ऐकवतात.

खाडीकाठच्या जुन्या मत्स्यतळ्यांचा बांध फोडून भरतीचं पाणी पुन्हा आत घेतलं, तेव्हा नव्या ओहोळांची आणि रोपांसाठीच्या उंचवट्यांची आखणी मामांनी केली. सगळी मापं तळ्यांच्या जुन्या पंपघराच्या पायरीवरून. तिच्यावरची लाल खूण त्यांनीच तरुणपणी केलेली. उंचवट्यांवर मामींनी अंगणात वाढवलेली खारफुटीची रोपं लागली आणि कुजायला लागली. ओहोटीलाही त्यांच्या बुडातलं पाणी हटेना. निम्मी रोपं अजून अंगणात होती. ती लावायची की काम गुंडाळायचं, हे वनखात्याचे साहेब आज येऊन ठरवणार होते.

“उंचवटे ठेंगणे झालेत,” मामी म्हणाल्या.

“माप माझं आहे.”

“म्हणून तर म्हणतेय.”

“तुझी रोपंच लाडावलेली.”

“घरात लाडावलेलं कोण आहे, ते सगळ्यांना माहितीय.”

मामींनी चहा ओतून पेला पंपघराच्या त्याच पायरीवर ठेवला. मामा घ्यायला वाकले ते वाकलेलेच राहिले. चहा एका बाजूला काठाला टेकला होता, दुसऱ्या बाजूला बोटभर खाली.

“पेला वाकडा आहे.”

मामींनी दुसरा ठेवला. तोही वाकडाच निघाला.

मामांनी मोजणीची दुर्बीण खांद्यावर टाकली आणि चिखल तुडवत पलीकडच्या कातळावर गेले. तिथे त्यांचीच आणखी एक जुनी खूण होती. कातळ काही खचत नाही. मामींनी पायरीवर मोजपट्टी धरली. बांध फोडल्यावर खालची माती भिजून पायरी कलून वीतभर खाली बसली होती, आणि तिच्या भरवशावर मामांचे सगळे उंचवटेही.

साहेब आले. आता खापर रोपांवर फुटणार, म्हणून मामींनी पदर खोचला.

“साहेब, चुकलं,” मामा म्हणाले. “पायरी खचली, मी तपासली नाही. उंचवटे वीतभर वाढवू. रोपांचा दोष नाही.”

“वाढवा, मग उरलेली लावा,” साहेब म्हणाले.

परतताना मामींनी विचारलं, “साहेबांना काय म्हणालात हो? वाऱ्यात ऐकूच आलं नाही.”

वारा तर केव्हाच पडला होता. मामा थांबले, मागेपुढे कोणी नाही ना, ते पाहिलं, आणि पुन्हा एकदा म्हणाले.