बापाला दिलेली शिवी

कॉलेजात विकर, म्हणजे एन्झाइम, शिकले तेव्हा ते मला फार सोज्वळ वाटलं होतं. पेशीतलं एक प्रथिन, त्याला एक खाच. खाचेत बरोबर बसणारा रेणू आला की विकर त्याचे तुकडे करतं आणि स्वतः धडधाकट राहून पुढच्याकडे वळतं. आकृती काढून मार्क मिळवले आणि विसरले. मग नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात माझा थोरला भाऊ जुन्नरच्या दवाखान्यात खाटेला बांधलेला पाहिला.

टोमॅटोवर फवारायचं औषध तो पिंपात कोपरापर्यंत हात घालून ढवळायचा. आमच्याकडे सगळेच तसं करत. काठीनं नीट मिसळत नाही म्हणे. त्या दिवशी तो बांधावरच कोसळला. तोंडाला फेस, धोतर घाण, आणि मांड्यांचं मांस कातडीखाली वळवळत होतं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. मज्जातंतू एक रसायन सोडून शरीराला हुकूम देतात. काम झालं की विकर त्या रसायनाचे तुकडे करतं, म्हणून स्नायू सैल पडतो, लाळ थांबते. फवारणीचं विष त्या विकराच्या खाचेतच ठाण मांडतं. मग हुकूम थांबत नाहीत, छातीत पाणी भरतं आणि माणूस खाटेवर बुडून मरतो. शरीर नवं विकर तयार करेपर्यंत सलाईनमधून उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन चालू ठेवायचं.

"त्यानं तो बरळेल, मारेल. मारू द्या," डॉक्टर म्हणाले. "गप्प झाला आणि तोंडातून लाळ गळायला लागली, तर मात्र धावत या."

बरळणं कसलं, तो पिसाळलाच. पायाची दोरी तोडून त्यानं माझ्या तोंडावर लाथ घातली. ओठ फाटला. आईच्या दंडाचा लचका तोडला. मला त्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

त्यात त्याच्या ठरलेल्या लग्नातले मुलीकडचे पावणे बिस्किटांचे पुडे घेऊन भेटायला आले. त्यांच्यादेखत त्यानं वडिलांच्या, आबांच्या, आईबहिणींचा उद्धार केला आणि आबांच्याच तोंडावर थुंकला. आमच्या आबांसमोर गावात कुणी मोठ्यानं बोलत नसे. ते काळेठिक्कर पडले. पावणे व्हरांड्यात गेले, मी आईला जखम बांधून आणायला घेऊन गेले.

परत आले तर खोली शांत होती.

"झोपलं पोरगं," आबा म्हणाले.

उशी लाळेनं भिजली होती. ओठ निळे. सलाईन टपकत नव्हतं.

"आबा, सलाईनच्या नळीची चकती कुणी बंद केली?"

"मीच. त्या औशदानंच याड लागलंय त्याला. सोयऱ्यांम्होरं काय इज्जत ऱ्हायली माजी?"

मी बापाला ढकललं. ते लोखंडी कपाटावर आदळले. चकती उघडली आणि घसा फुटेस्तोवर डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी नळीनं घशातलं पाणी ओढलं, शिरेत सुई खुपसली, पुन्हा पुन्हा औषध भरलं. "आता शिव्या परत यायला पाहिजेत," एवढंच म्हणाले.

आबांना तेव्हा कळलं. त्यांनी पोराचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मग एक थोबाडीत दिली, मग दुसरी.

"दे की शिवी! मला दे. माज्या आयला दे. लई दे, पन बोल!"

बराच वेळ नुसती घरघर. मग कोरड्या पडलेल्या तोंडातून आलं, "हात काढ, भाड्या."

आबा मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडत व्हरांड्याकडे ओरडले, "पावणं, ऐकलं का? शिवी दिली मला!"