नांदतायत का?

सकाळी प्राणीगृहात पाऊल टाकलं की मॅडमचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "नांदतायत का?" नव्या माणसाला वाटायचं, बाई घरच्या सुनांची चौकशी करताहेत. त्या विचारत असत उंदरांबद्दल.

कोल्हापुरातल्या एका संशोधन संस्थेत मी जनावरांचा डॉक्टर, आणि मॅडम तिथल्या शास्त्रज्ञ. त्यांचं काम सांगायला सोपं होतं, करायला महाकठीण. पांढऱ्या उंदराच्या पाठीवर काळ्या उंदराच्या कातडीचा तुकडा लावला, तर पांढऱ्याचं शरीर तो परका म्हणून झिडकारतं. तुकडा सुकून गळून पडतो. पण आधी किरणं देऊन पांढऱ्याची प्रतिकारशक्ती दुबळी केली, मग काळ्याच्या हाडांतला मगज, म्हणजे बोन मॅरो, त्याच्या रक्तात सोडला आणि तो रुजला, तर पुढे काळी कातडीही त्याला आपलीच वाटते. दोघांच्या पेशी एका अंगात नांदायला लागतात. हा शब्द मॅडमचाच.

एकदा पांढऱ्या पाठीवरच्या तुकड्यावर काळे केस उगवलेले दिसले. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना व्हरांड्यात बोलावून भडंग आणि चहा दिला. झाडूवाल्या मावशींनी विचारलं, "बारसं हाय का कुणाचं?" मॅडम म्हणाल्या, "तसंच समजा की."

पण कधी उलटही व्हायचं. बाहेरून आलेल्या पेशीच त्या शरीरावर उठायच्या. मग उंदीर पाठीचं कुबड करून कोपऱ्यात बसायचा, केस पिंजारायचे, कातडी लाल व्हायची. मॅडमना हे दारातूनच कळायचं. "हा गेला," एवढंच म्हणायच्या आणि त्या दिवशी डबा उघडायच्या नाहीत.

त्यांचं माहेर शिरोळचं. धाकटा भाऊ ऊस आणि ट्रॅक्टर यांतच रमलेला, आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागे. बहिणीला अक्का म्हणायचा. तो एकदा संस्थेत आला, तो दोन्ही दंडांवर निळे डाग घेऊन. "कुठं आपटलो न्हाय, काय न्हाय. दात घासताना रगात येतंय," तो म्हणाला. मॅडमनी त्याची बाही वर केली आणि तशाच उभ्या राहिल्या.

तपासण्या झाल्या. त्याच्या हाडांतल्या मगजाने रक्त तयार करणं थांबवलं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, दुसऱ्याचा मगज द्यावा लागेल, सख्ख्या भावंडाचा जुळला तर उत्तम. भावंड एकच होतं.

रिपोर्ट आला त्या दिवशी मॅडम माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "डॉक्टर, जुळलं. पूर्ण जुळलं."

"मग चांगलं झालं की!"

"हो." त्या खुर्चीवर टेकल्या. "पण माझ्याच पेशी त्याच्यावर उठल्या तर? बाहेरच्या कुणाच्या असत्या तर त्या माणसाला शिव्या तरी देता आल्या असत्या."

मी म्हणालो, माणसांचं तंत्र वेगळं, औषधं वेगळी, सख्ख्या भावंडांत धोका पुष्कळ कमी. हे सगळं त्यांनीच मला शिकवलेलं होतं. त्यांनी मान हलवली, पण डोळे पिंजऱ्यांकडेच होते.

पुण्याला त्यांच्या कमरेच्या हाडातून मगज काढला, आणि रक्ताच्या बाटलीसारखा तो भावाला चढवला. काही दिवसांनी मी त्यांना भेटायला गेलो. भाऊ काचेपलीकडच्या खोलीत होता. आम्ही काचेशी गेलो आणि मॅडमनी माझी बाही घट्ट धरली. भाऊ पलंगाच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन, पाठीचं कुबड करून बसला होता.

"डॉक्टर, बसलाय कसा बघा," त्या पुटपुटल्या. आम्ही दोघांनी ते बसणं फार वेळा पाहिलं होतं.

मॅडमच्या पर्समधला फोन वाजला. काचेपलीकडून भाऊच बोलत होता. "अक्का, भूत बघितल्यागत काय बघतीस? गादी भिकार हाय. पाट मोडली माझी!"

मॅडम हसायला लागल्या, आणि हसता हसता तिथेच खाली बसल्या.

मगज रुजला. रक्त वाढू लागलं. भाऊ पुण्यातच भाड्याच्या खोलीत राहायला गेला, मॅडम कामावर आल्या. आणि एका दुपारी मोबाईलवर त्याचे तळहात आले. लालभडक, पुरळ उठलेले. मॅडमनी फोटो मला दाखवला. तशाच गाडीत बसून पुण्याला गेल्या.

स्टिरॉइड सुरू झालं. ते कमी केलं की पुरळ पुन्हा डोकावायचं. या काळात मॅडम मधूनच प्राणीगृहात यायच्या, पण सकाळचा प्रश्न विचारायच्या नाहीत. आम्हीही आपणहून काही सांगत नव्हतो. कुणी पिंजऱ्याची झाकणं वाजवली तरी त्या दचकायच्या.

हळूहळू हात निवळले. औषध सुटलं. भावाचा रक्तगट बदलून बहिणीचा झाला, आणि त्याने गावभर सांगितलं, "रगातबी अक्काचंच आता. भांडायचं तरी कुणासंगं?" मॅडम मात्र म्हणायच्या, "एवढ्यात बोलू नका."

पुढे त्या संस्था सोडून बंगळूरला मुलीकडे गेल्या. त्यांची खोली आता दुसऱ्या कुणाची आहे. उंदरांवरचं काम चालू आहे, सकाळी प्राणीगृहात कुणी कुणाला काही विचारत नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते शिरोळला, त्यांच्या भाचीच्या साखरपुड्यात. दारात स्पीकर वाजत होता. भाऊ फेटा बांधून, चांगला गरगरीत झालेला, पाहुण्यांना हाताला धरून जेवायला बसवत होता. मॅडम मांडवात शिरल्या तसा तो गर्दीतून वाट काढत आला आणि नमस्कारसुद्धा न करता दोन्ही तळहात त्यांच्यापुढे पसरून उभा राहिला.

"बघ, आटप लवकर. पावणं खोळंबल्यात."

मॅडमनी चष्मा लावला. त्याचे हात उजेडाकडे वळवले, बोटांच्या बेचक्यांतून अंगठा फिरवला. फोटोवाला ओरडत होता, "मॅडम, हिकडं बघा, हिकडं!" त्यांनी वर पाहिलं नाही. उजवा हात बघून झाला होता. त्या डावा बघत होत्या.