घट्ट वरण

आज दुपारी आईसाठी तुरीचं घट्ट वरण केलं, वर लसणाची फोडणी दिली. तिनं तांब्या उचलला आणि वाटीत पाणी ओतलं. माझं डोकंच फिरलं.

धारूरच्या घरातली ती दुपार आठवली. मी दहा वर्षांची असेन. आईनं सकाळभर जात्यावर तूर भरडली होती. पापण्यांवरसुद्धा पिवळी धूळ. वरणाचा वास घरभर सुटला. पुरुष आधी जेवले. पळी बुडातून फिरवून त्यांनी डाळ संपवली. मग थोरल्या काकूनं त्याच भगुन्यात तांब्याभर पाणी ओतलं, मीठ टाकलं आणि आम्हा बायांना वाढलं.

"आमालाच पाणी कावून?" मी ओरडले.

आईनं पाठीत धपाटा घातला. "गप जेव. लई चांगलं झालंय."

त्या धपाट्याचा राग मी कित्येक वर्षं आईवरच धरला.

"आता कुणासाठी वाचवतीस? सगळी डाळ तुझीच हाय," आज मी खेकसले.

ती ओशाळली. "सवय न्हाई गं. घट्ट घशाखाली उतरत न्हाई."

आता भांडू कुणाशी? खाणारे सगळे ढेकर देऊन गेले.